लाल दिवा आणि दोनशे पानी वही



२०२५ च्या मार्च महिन्यात खामगावात आमच्या घरी विजेवर चालणारी नवी ऑटोरिक्षा आली. रिक्षा आमच्या पुतण्याची. आमचे थोरले बंधू कालकथित झाले तेव्हा पोरगा दहावीला होता. त्यानंतर पाच-सहा वर्षे त्याने दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवली. सकाळी मालकाचे भाडे, मग इंधन, आणि उरले तर घर, असा तो हिशेब होता. विजेची रिक्षा घे, असे त्याला आम्हीच सुचवले. आम्ही एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात कारकून आहोत, बी. कॉम. झालेले आहोत, त्यामुळे आकडेमोड करून दाखवणे आमच्या हातचे होते. बॅटरीवर चालणाऱ्या प्रवासी वाहनाला परवाना लागत नाही, ही सूट केंद्र सरकारने २०१८ साली दिली. इंधनाचा खर्च जवळजवळ जातो. घरी सॉकेट आहे, रात्री लावली की सकाळी तयार. हे सर्व आम्ही एका कागदावर मांडले आणि वहिनींनी त्या कागदावर विश्वास ठेवून गळ्यातली सोन्याची पोत मोडली.

मुहूर्त आम्ही पाहिला नाही, पगाराची तारीख पाहिली. किंमत साडेतीन लाखांच्या थोडी वर गेली. शोरूमचा माणूस म्हणाला, "साहेब, तुमच्या नावावर घ्या, पगारपत्रक आहे, कर्ज लवकर होईल." आमच्याही मनात तसेच होते. पण वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पोराच्या नावानं असू द्या. चालवणार तो, मालकही तोच राह्यला पाहिजे." म्हणून आम्ही जामीनदार राहिलो. या एका वाक्याची किंमत पुढे सहा महिन्यांनी कळली, ते यथावकाश येईलच.

हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे, एमएच २८. पहिले आठवडाभर तर लोक विचारत, "सरकारी गाडी हाय काय रे?" पोरगा रोज सकाळी शेगावला जाई, स्टेशन ते मंदिर अशा फेऱ्या मारी, संध्याकाळी खामगावला परत. घरात एवढा उजेड पुष्कळ वर्षांनी आला होता.

एकोणिसाव्या दिवशी दिवा लागला.

चालकासमोरच्या काचेवर एक खूण उमटली आणि रिक्षेचा वेग बैलगाडीवर आला. पोराने उतरून पाहिले, चाके ठीक, आवाज नाही, वास नाही. बंद करून पुन्हा सुरू केली तर दिवा गेला. दोन दिवसांनी परत लागला. मग चार्जिंगला लावल्यावर लागला. मग काही दिवस लागलाच नाही, आणि आम्ही म्हणालो, झाले, बसली गाडी मार्गी. नंतर पुन्हा.

सर्व्हिस सेंटर पन्नासेक किलोमीटरवर. दिवा लागलेली रिक्षा तिथवर चालवत नेता येत नाही, टेम्पोत घालावी लागते. जाण्यायेण्याचे भाडे, त्या दिवसाची बुडालेली कमाई आणि डोक्यावर महिन्याचा हप्ता. तिथे ते लोक एक यंत्र जोडत, काही बटणे दाबत, दिवा जाई. "काही नाही, एरर होता, काढून टाकला." कागद मागितला तर म्हणत, "वॉरंटीतलं काम आहे, कागद कशाला?" असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी आम्ही कार्यालयातून रजा काढून सोबत गेलो. पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण अधिकारी होता. त्याने आम्हाला खुर्ची दिली, चहा दिला, आणि पोराकडे न पाहता म्हणाला, "साहेब, गाडीत दोष नाही. चालवणाऱ्यांना चार्जिंगची शिस्त नसते. कुठेही लावतात, कसंही लावतात."

आम्ही मान डोलावली.

ही मान का डोलावली, हे लिहिताना आजही अवघड वाटते. आम्ही वीस वर्षे वस्तीतल्या माणसांचे अर्ज लिहितो. रेशनचे, शिष्यवृत्तीचे, निराधार योजनेचे. साहेब म्हणतो म्हणून खरे मानू नका, हे दुसऱ्याला शंभरदा सांगितले आहे. आणि आमच्याच घरचा पोरगा पाठीशी उभा असताना आम्ही साहेबाचे खरे मानले, त्याचे नाही. परतीच्या वाटेवर टेम्पोत तो काही बोलला नाही. घराजवळ आल्यावर चौकात चार माणसांसमोर आम्ही त्याला म्हणालो, "वस्तू वापरायची अक्कल नसेल तर घेऊ नये." तो एवढेच म्हणाला, "काका, मी काहीच नाही केलं. चार्जिंगले लावली अन् दिवा लागला." पुढे दोन दिवस तो घरी जेवला नाही.

वहिनींची वेगळीच तऱ्हा. रिक्षा अंगणात पत्र्याच्या शेडखाली लागत असे आणि भिंतीपलीकडे लेकरे झोपत. त्यांनी कोणाकडून तरी बॅटरीच्या गाड्या जळाल्याचे ऐकले होते. ते खोटेही नव्हते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, ते चित्र देशभर पाहिले गेले. त्या उन्हाळ्यात अशा अनेक घटना झाल्या आणि कंपन्यांना हजारो स्कूटर तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. वहिनी रात्री बाज टाकून रिक्षेजवळ बसू लागल्या, शेजारी वाळूची बादली. "लेकरं आत झोपतात, अन् हे यंत्र रातभर गुणगुणते. मले झोप लागत नाही भाऊजी." दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदण करून आलेली बाई रात्री बॅटरी राखत बसते, हे पाहून आम्हाला आमच्या त्या आकडेमोडीच्या कागदाची लाज वाटली.

याच काळात पोराच्या एका मित्राने उपाय काढला. दिव्यावर काळी पट्टी चिकटव. दुसरा म्हणाला, एक मेकॅनिक आहे, तो वायर तोडून दिवाच बंद करून देतो, दोनशे रुपये. पोराने आम्हाला विचारले, आणि आम्ही निक्षून नाही म्हणालो. निदान एवढे तरी आमच्या हातून बरोबर झाले. पुण्याच्या त्या आगीनंतर सरकारने दुचाकी-तिचाकींच्या बॅटऱ्यांचे सुरक्षा नियम कडक केले, ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. बॅटरी धोकादायक रीतीने तापू लागली तर चालकाला दिसेल व ऐकू येईल अशी सूचना मिळाली पाहिजे, हे त्यात आहे. दिव्यावर पट्टी लावणे म्हणजे राखणीच्या कुत्र्याचे तोंड बांधून झोपणे.

मग आम्ही जे येते ते केले. दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा, बॅटरी किती टक्के, रिक्षा उभी होती की चालत होती, ऊन की पाऊस, दिव्याचा रंग, दिवा आपोआप गेला की नाही. पोराला म्हणालो, दिवा लागला की मोबाईलवर फोटो काढ आणि रात्री वहीत उतरव. तो आधी चिडलेलाच होता. पण त्याचे अक्षर चांगले आहे, बापासारखे, आणि आठवड्याभरात तो आमच्यापेक्षा नेटके लिहू लागला.

सोबत आम्ही गाडीबरोबर आलेली पुस्तिका वाचायला घेतली. ती इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. रिक्षा विकायची मराठी माणसाला आणि पुस्तिका द्यायची इंग्रजीत, हा काय प्रकार आहे, असो. शब्दकोश घेऊन चार रात्री बसलो. तेव्हा कळले की दिव्याच्या रंगाला अर्थ आहे. लाल म्हणजे सुरक्षित जागा पाहून थांबा. पिवळा म्हणजे जपून चालवा आणि लवकर दाखवा. आम्ही दोन्हींना 'लाल दिवा'च म्हणत होतो. आणि मुख्य गोष्ट अशी की एका दिव्यामागे पुष्कळ कारणे असतात. बॅटरीच्या पेटीत एक लहान मेंदू असतो. तो प्रत्येक घटाचा दाब आणि पेटीचे तापमान सतत मोजतो आणि काही बिनसले की स्वतःच्या स्मरणात एक सांकेतिक क्रमांक लिहून ठेवतो. सेंटरमधले लोक यंत्र जोडून जे 'काढून टाकत' होते, तो हा क्रमांक. आमच्या भाषेत सांगायचे तर तक्रार आली म्हणून आवक रजिस्टरचे पान फाडायचे आणि म्हणायचे, आता टपाल शिल्लक नाही!

जूनअखेर वही घेऊन बसलो तेव्हा पहिली गोष्ट आपसूक दिसली. नऊ नोंदी भर दुपारी दीड ते तीनच्या, चार्जिंगला लावल्या लावल्या. पोरगा दुपारी जेवायला येई तेव्हा रिक्षा शेगावहून उन्हात तापून आलेली, वर पत्रा, आणि तो लगेच प्लग लावी. मे महिन्यातले आपल्याकडचे ऊन वाचकांना सांगायला नको. लिथियमची बॅटरी फार तापलेली असेल तर तिचा मेंदू चार्जिंग अडवतो किंवा हळू करतो, आणि ते योग्यच करतो. पोराने रिक्षा तासभर निंबाखाली उभी करून मग प्लग लावायला सुरुवात केली आणि दुपारचा दिवा गेला. हा कोणाचाच गुन्हा नव्हता. कोणी मराठीत दोन ओळी सांगितल्या असत्या तर टेम्पोची एक फेरी वाचली असती.

दुसरी गोष्ट मात्र आमच्या अंगावर आली. सात नोंदी संध्याकाळी सातनंतरच्या, घरच्या सॉकेटवर. त्याच दिवसांत दोनदा पोराने मित्राच्या घरी चार्जिंग केले तेव्हा दिवा लागला नव्हता. वस्तीतला एक मुलगा आयटीआय करून वायरमन झाला आहे, त्याला बोलावले. त्याने शंभर वॅटचा बल्ब घेतला. एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला लावली, बल्ब लख्ख पेटला. मग दुसरी वायर न्यूट्रलवरून काढून सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगला लावली. बल्ब पेटलाच नाही. त्याने बोर्ड उघडला. हिरवी वायर भिंतीत गेली होती आणि भिंतीतच संपली होती. "काका, अर्थिंग नुसतं दिसायले आहे," तो म्हणाला.

घराची वायरिंग २०११ साली आम्हीच करून घेतली होती. तेव्हाच्या मिस्त्रीने अर्थिंगच्या खड्ड्याचे वेगळे पैसे सांगितले होते आणि आम्ही म्हणालो होतो, पंखे-बल्बला काय करायचे अर्थिंग. चौदा वर्षे ते तसेच चालले. रिक्षेचा चार्जर मात्र आधी जमिनीशी जोड आहे का ते तपासतो आणि नसेल तर काम नाकारतो. तो नाकारत होता म्हणून बरे. नाहीतर एखाद्या दिवशी रिक्षेच्या पत्र्यात वीज उतरली असती आणि ओल्या अंगणात अनवाणी वहिनी उभ्या असत्या. चौकात चार माणसांसमोर पोराला जे बोललो, ते ज्या दोषाबद्दल बोललो, त्यातला हा दोष आमचा होता. दुसऱ्या दिवशी अंगणात खड्डा खणला, पाइप, कोळसा, मीठ घालून पक्के अर्थिंग केले, सोळा ॲम्पिअरचा चांगला सॉकेट आणि जाड वायर टाकली. अशी रिक्षा, स्कूटर घेण्याचा विचार असेल त्यांनी गाडीच्या आधी बल्बची ही परीक्षा जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी. स्वतः करू नये.

तरी दिवा उरलाच. पावसाळा लागला आणि आता तो चालता-चालता लागू लागला. ऋषिपंचमीला शेगावला केवढी गर्दी असते! त्या दिवशी भरल्या सवारीनिशी रिक्षा रस्त्यात थांबली. म्हाताऱ्या बायांना भर पावसात उतरावे लागले. पोराने कोणाचेच पैसे घेतले नाहीत. त्या रात्रीची नोंद त्याने सगळ्यात लांब लिहिली आहे. चालताना लागलेल्या दिव्याच्या एकंदर दहा नोंदी झाल्या होत्या आणि त्यांतल्या आठ पावसाच्या किंवा रिक्षा धुतल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या. हे त्याने स्वतः शोधून काढले. "काका, हे पाण्याचं हाय. कुठंतरी पाणी शिरते." आम्ही या वेळी मान डोलावली नाही, वही त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, चल, तू बोल.

सेंटरमध्ये तो बोलला. वही दाखवली, फोटो दाखवले. आधी हसले. मग व्यवस्थापक म्हणाले, "आम्ही तीनदा दुरुस्त करून दिली." पोरगा म्हणाला, "जॉबकार्ड दाखवा." ते नव्हते. मग त्यांनी ठेवणीतले वाक्य काढले, "ही कमर्शिअल गाडी आहे. ग्राहक न्यायालयात जाल तर तिथे उभे करणार नाहीत."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून बोथ्याच्या घाटाने बुलढाणा गाठले. तिथे वकिली करणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांनी सांगितले ते प्रत्येक रिक्षावाल्याने, पिठाची गिरणी, शिलाई मशीन घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही, हे खरे. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानत नाहीत, अशी तरतूद कायद्यात १९९३ साली आली आणि २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ती आहे. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरण दिले ते नेमके ऑटोरिक्षाचेच. स्वतः चालवून उदरनिर्वाह करण्यासाठी जो रिक्षा घेतो तो ग्राहक; दुसऱ्याकडून चालवून घेण्यासाठी घेतो तो नव्हे. वकीलसाहेबांनी विचारले, "गाडी कोणाच्या नावावर आहे?" तेव्हा आम्हाला वहिनींचे ते वाक्य आठवले. आमच्या पगारपत्रकावर रिक्षा आमच्या नावे घेतली असती तर व्यवस्थापकांना आयते हत्यार मिळाले असते.

बाकीही त्यांनी सांगितले. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. वकील लावलाच पाहिजे असे नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मात्र नवी गाडीच मिळेल अशी आशा धरू नका, असेही ते म्हणाले. मारुती उद्योगाच्या एका खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला नाही. हमीपत्रात सदोष भाग बदलून देण्याचे लिहिले असेल तर तेवढाच बांधील, असे म्हटले. वही चाळून ते म्हणाले, "अशी पुराव्यानिशी माणसे आमच्याकडे फार कमी येतात."

नोटीस पोराच्या नावाने गेली, स्पीड पोस्टाने, विक्रेता आणि कंपनी दोघांना. मजकूर आम्ही लिहिला, सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स. त्यात आमच्या घरच्या अर्थिंगचा दोषही लिहिला. वकीलसाहेब म्हणाले, हे कशाला? आम्ही म्हणालो, वहीत आहे ते सगळे जाईल.

बाराव्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर खामगावात आला, घरी. दिवा तेव्हा लागलेला नव्हता, पण त्याने या खेपेला काही पुसले नाही, आधी सगळे क्रमांक कागदावर उतरवून घेतले. मग वही वाचली, अंगणात मांडी घालून. नंतर सीटखालची वायरींची जोडणी खोलली. आतल्या पितळी टोकांवर हिरवा गंज चढलेला, रबराची सील एका बाजूने दबलेली. पाणी आत जाई, बॅटरी आणि मोटरचे मेंदू एकमेकांशी बोलू शकत नसत आणि दिवा लागे. ऊन पडून वाळले की दिवा जाई. एवढेसे ते. जोडणी आणि वायरींचा तो जुडगा हमीत बदलला. पोराने जॉबकार्ड मागितले आणि कारण त्यावर लिहायला लावले, सहीसह.

मोठमोठ्या मोटारींनाही हे चुकलेले नाही. पेट्रोल आणि प्लग अशा दोन्हींवर चालणाऱ्या ज्या महागड्या प्लग-इन हायब्रिड मोटारी आहेत, त्यांपैकी फोर्डच्या कुगा या गाडीच्या मालकांना २०२० साली युरोपात कंपनीनेच कळवले होते की बॅटरीला आगीचा धोका आहे, दुरुस्तीपर्यंत प्लग लावू नका. आपल्या देशातही मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली आहे. पण तिथवर गोष्ट जायची तर मालकांच्या तक्रारी कुठेतरी नोंदलेल्या असाव्या लागतात.

बुडालेल्या एकतीस दिवसांची कमाई आणि टेम्पोची भाडी अजून कोणी दिलेली नाहीत. आयोगात जायचे की नाही, हे पोराने ठरवायचे आहे. मुदत आहे. आम्ही या खेपेला सल्ला दिलेला नाही.

चौकात बोललो त्याबद्दल आम्ही त्याची तोंडी माफी मागू शकलो नाही. कारकून माणूस, जे काही येते ते कागदावर. वहीत त्या दिवसासमोर आम्ही लाल शाईने लिहिले, "दोष घरच्या अर्थिंगचा. चालकाचा नाही," आणि खाली सही केली. त्याने ते केव्हा वाचले ठाऊक नाही. काही दिवसांनी पाहिले तर सहीखाली त्याने तारीख टाकली होती, कारण आम्ही ती टाकायची विसरलो होतो.

वहिनी आता रात्री घरात झोपतात. वाळूची बादली मात्र त्यांनी अजून कोणाला हलवू दिलेली नाही.